तुसाची वाफ: बर्धमानच्या भातगिरण्यांकडून घेण्यासारखा धडा

भारतात कोळसा पहिल्यांदा खणला गेला तो बंगालमध्ये, राणीगंजच्या परिसरात, 1774 साली. हुगळीकाठच्या ताग गिरण्या, नदीतल्या आगबोटी, रेल्वे आणि 1899 पासून कोलकात्याला मिळू लागलेली वीज, हे सारे त्याच कोळशावर उभे राहिले. दाराशी अशी खाण असलेल्या प्रदेशात शेतीतल्या काडीकचऱ्याला इंधन म्हणून कोण विचारणार, असे कोणालाही वाटेल. पण राणीगंजपासून शंभरेक किलोमीटरवर, बंगालचे भाताचे कोठार मानल्या जाणाऱ्या पूर्व बर्धमान जिल्ह्यात, भातगिरण्यांचे बॉयलर तुसावर चालतात. एखादे सरकारी अभियान येण्याची वाट पाहत ते थांबले नव्हते. कोळशाच्या शेजारी राहून तूस कसा टिकला, हे नीट समजून घेतले तर बायोमासचा उद्योग कुठे तग धरतो आणि कुठे कोसळतो याचा बराच उलगडा होतो. गोंदिया-भंडाऱ्याचा तूस, खानदेश-विदर्भातली पऱ्हाटी आणि पश्चिम महाराष्ट्रातले उसाचे पाचट यांतून काही उभे करू पाहणारे उद्योजक, शेतकरी उत्पादक कंपन्यांचे संचालक आणि कारखानदार यांनी यंत्रांचे कोटेशन मागवण्याआधी कोलकात्याच्या या मुलखाचा अनुभव तपासावा.

बंगालमध्ये रोजच्या जेवणात उकडा तांदूळ असतो. भात उकडायला वाफ लागते आणि उकडलेला भात वाळवायला गरम हवा. टनभर भात भरडला की साधारण 200 किलो तूस निघतो. तुसाचा उष्मांक किलोमागे 3,000 किलोकॅलरींच्या आसपास असतो, तर आपल्याकडच्या जास्त राखेच्या कोळशाचा 4,000 च्या आसपास. म्हणजे किलोभर कोळशाच्या जागी सव्वा ते दीड किलो तूस पुरतो. पण उष्मांकाच्या या तुलनेपेक्षा महत्त्वाच्या गोष्टी वेगळ्याच आहेत. तूस गिरणीत येतो तो भातासोबत. त्याचे गाडीभाडे भाताच्या हिशेबातच चुकते झालेले असते. तो गोळा करायला मजूर लागत नाहीत. तो कोरडा असतो, कारण भात भरडण्याआधी वाळवावाच लागतो. त्याचा आकार एकसारखा, त्यामुळे भट्टीत टाकणे सोपे. गुरे तो खात नाहीत, आणि त्यात सिलिका भरपूर असल्याने शेतात टाकला तर लवकर कुजतही नाही. सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे त्याच्या उष्णतेचे गिऱ्हाईक त्याच छपराखाली बसलेले आहे, आणि आउस, आमन, बोरो या तीन हंगामांमुळे गिरणीचे काम वर्षातले बहुतेक दिवस चालू राहते.

माझे म्हणणे या गिरणीतूनच निघते. अवशेष दुसऱ्याच कामाच्या ओघात आधीच एका जागी जमा झालेला असावा, त्याच जागी किंवा अगदी जवळ उष्णतेची बारमाही गरज असावी, आणि त्या गरजेसाठी आज पैसे मोजून दुसरे इंधन जळत असावे. या तीन अटी जुळल्या की बायोमासचा धंदा अनुदानाशिवाय चालतो. त्यातली एक निसटली तर अनुदान असेपर्यंत चालतो. म्हणून कोणत्याही प्रदेशाने सुरुवात उष्णतेपासून करावी. वीज आणि गाडीत भरायचे इंधन यांचा विचार त्यानंतर करावा. आपल्या साखर कारखान्यांनी हेच केले आहे. बगॅस कारखान्यातच निघतो, रस आटवायला वाफ कारखान्यातच लागते, आणि वाफ तयार करताना जोडीला वीज निघते. सहवीजनिर्मिती यशस्वी झाली ती वाफेच्या पाठीवर बसून. नुसत्या विजेसाठी शेतातून काडीकचरा गोळा करणाऱ्या प्रकल्पांना ते साधले नाही.

याची दुसरी बाजू सुंदरबनात दिसते. गोसाबा हे तिथले बेट. 1903 मध्ये डॅनियल हॅमिल्टन यांनी तिथे जमीन घेऊन सहकारी तत्त्वावर वसाहत उभारायला सुरुवात केली, त्यामुळे या बेटाला सहकाराची जुनी परंपरा आहे. 1997 च्या जुलैमध्ये राज्याच्या अपारंपरिक ऊर्जा संस्थेने तिथे 500 किलोवॉटचा गॅसिफायर प्रकल्प सुरू केला आणि तो स्थानिक सहकारी संस्थेकडे सोपवला. लाकूड अपुऱ्या हवेत तापवून जळाऊ वायू काढायचा, तो गार आणि स्वच्छ करून इंजिनात डिझेलसोबत जाळायचा आणि वीज तयार करायची, अशी ही रचना होती. बाजारपेठेला, दवाखान्याला, घरांना त्या विजेने खरा आधार दिला, आणि नंतर छोटा मोल्लाखाली बेटावरही असाच प्रकल्प उभा राहिला. त्या माणसांचे काम मोलाचेच होते. पण लाकूड नावेतून आणावे लागे, वायूतले डांबर धुतलेल्या पाण्याची विल्हेवाट लावावी लागे, डिझेल पूर्णपणे सुटत नव्हतेच, आणि मागणी मुख्यतः संध्याकाळची असल्याने यंत्रे उरलेला वेळ पूर्ण क्षमतेने चालत नसत. ग्रिडची वीज नदी ओलांडून बेटावर पोहोचली तेव्हा ही महाग वीज तिच्यापुढे टिकली नाही. इथे यंत्रापेक्षा विक्रीचा माल चुकीचा निघाला. वीज ही हजार किलोमीटरवरून तारेने येऊ शकणारी वस्तू आहे, आणि ज्या दिवशी ती येते त्या दिवशी लहान प्रकल्पाचे गिऱ्हाईक जाते. वाफ अशी दुरून येत नाही. विजेने वाफ करता येते खरी, पण औद्योगिक वीजदराने ती फार महाग पडते.

उष्णतेची बाजू आकड्यांतही तितकीच भक्कम आहे. बायोमासमध्ये उष्णतेचे 100 भाग धरले, तर बरा बॉयलर त्यातले 70 ते 75 वाफेच्या रूपाने कामाला लावतो. तोच बायोमास लहान टर्बाइनच्या वीजकेंद्रात जाळला तर विजेच्या रूपाने हाती येतात 20 च्या आसपास. उरलेले कूलिंग टॉवरमधून हवेत जातात. एक मेगावॉटचे असे केंद्र वर्षभर चालवायचे तर सुमारे 10,000 टन बायोमास लागतो. एकरी दोन टन पेंढा धरला तर ते झाले 5,000 एकरांचे उत्पन्न, तेही प्रत्येक शेतकऱ्याने काडीन् काडी दिली तर. पेंढ्यापासून इथेनॉल काढण्याचा मार्गही पाहू. 10 ऑगस्ट 2022 रोजी पानिपतला इंडियन ऑइलचा असा प्रकल्प राष्ट्राला अर्पण झाला. सुमारे 2 लाख टन पेंढ्यापासून वर्षाला 3 कोटी लिटर इथेनॉल हे त्याचे उद्दिष्ट, आणि खर्च 900 कोटी रुपयांहून अधिक. टनामागे 150 लिटर, म्हणजे पेंढ्यातल्या उष्णतेचा साधारण चौथा हिस्सा इथेनॉलमध्ये उतरतो. उरलेल्या लिग्निनवर कारखान्याची आपली वाफ होते, हे मान्य. पराळीच्या धुराने गुदमरणाऱ्या उत्तर भारतासाठी तो प्रयोग करून पाहणे योग्यही असेल. पण जिल्हा पातळीवरच्या उद्योजकाने तो नमुना डोळ्यांसमोर ठेवू नये.

मग सुरुवात कुठून करावी? कच्च्या मालाच्या सर्वेक्षणापासून करू नये, असा माझा ठाम सल्ला आहे. "आमच्या तालुक्यात इतके हजार टन अवशेष वाया जातात" या वाक्याने सुरू होणारे प्रकल्प अहवाल बहुधा कपाटातच राहतात. सुरुवात उष्णतेच्या गिऱ्हाइकांपासून करावी. आपल्या गावापासून 25-30 किलोमीटरच्या टापूत वाफ, गरम पाणी किंवा गरम हवा कोण वापरते याची यादी करा: दूधसंघ, फळप्रक्रिया, कापडाचे प्रोसेस हाउस, औषध कारखाना, फरसाण-मुरमुऱ्यांचे कारखाने, हळद शिजवणारे, काजू प्रक्रिया, मोठी वसतिगृहे, देवस्थानांची अन्नछत्रे. बंगालमध्ये याच यादीत ताग गिरण्या येतात, ज्यांच्या बॉयलरमध्ये तागाचा टाकाऊ धागा जळतो. तिथली मुरमुऱ्यांची भट्टी तुसावर पेटते. आणि उत्तरेला दुआर्स-तराईतले चहाचे कारखाने येतात, ज्यांना पाने सुकवायला गरम हवा लागते. प्रत्येकाकडे चार गोष्टी विचारा: आज कोणते इंधन, महिन्याला किती, किती तापमान लागते, आणि वर्षातले किती दिवस. डिझेल, फर्नेस ऑइल किंवा एलपीजी जाळणारा पहिला गाठा, कोळसा जाळणारा शेवटी. कारण साधे आहे. 19 किलोचा एक व्यावसायिक सिलिंडर जेवढी कामाची उष्णता देतो तेवढीच 80 ते 90 किलो तूस देतो. दोन्हींचे आजचे भाव आपल्या गावात विचारून पाहा, आणि फरक स्वतः मांडा. कोळशाशी झुंजताना मात्र हा फरक इतका आक्रसतो की एखाद्या हंगामात इंधनाचा भाव चढला तर सगळा नफा धुऊन जातो.

गिऱ्हाईक ठरले की इंधन. इथे वजनाने खरेदी करणारा हमखास फसतो. पावसात भिजलेल्या लाकडात निम्मे पाणी असू शकते, आणि त्या पाण्याचेही पैसे आपण मोजतो. शिवाय ते पाणी उडवायला भट्टीतली उष्णता खर्च होते ती वेगळीच. म्हणून भाव उष्मांकावर आणि ओलाव्यावर बांधावा, प्रत्येक गाडीचा नमुना मोजावा, आणि ठरलेल्या मर्यादेपेक्षा ओला माल परत पाठवण्याचे कलम करारात ठेवावे. दुसरी अडचण घनतेची. मोकळा तूस घनमीटरला शंभर-सव्वाशे किलो भरतो, मोकळा पेंढा त्याहून कमी. ट्रक वजनाने भरण्याआधी आकाराने भरतो आणि भाडे मात्र पूर्ण द्यावे लागते. दाबून पेलेट किंवा ब्रिकेट केले की घनता घनमीटरला 600 किलोंवर जाते, पण त्या दाबण्याला वीज, साचे आणि मजुरी लागते. माझ्या मते, 25-30 किलोमीटरच्या आत मोकळा किंवा गठ्ठे बांधलेला माल, आणि त्यापलीकडे पाठवायचा असेल तरच ब्रिकेट, हा व्यवहार बरा. औष्णिक वीज केंद्रांनी कोळशात 5 टक्के आणि पुढे 7 टक्के पेलेट मिसळावेत असे केंद्र सरकारचे धोरण 2021 पासून आहे. त्यामुळे पेलेटला एक मोठे गिऱ्हाईक तयार झाले आहे. पण अशा एकाच गिऱ्हाइकाच्या निविदेवर कारखाना उभा करू नये. उरलेला माल विकायला ते चांगले.

साठवण हा या धंद्यातला सर्वांत दुर्लक्षित खर्च आहे. तूस गिरणीच्या गतीने निघतो, पण पेंढा आणि पऱ्हाटी महिना-दोन महिन्यांत पदरात पडतात आणि वर्षभर पुरवाव्या लागतात. कोलकात्यासारख्या ठिकाणी, जिथे वर्षाला दीड हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, उघड्यावर रचलेली गंजी श्रावणापर्यंत कुजलेली असते. कोकणाला आणि पूर्व विदर्भाला हे वेगळे सांगायला नको. छपराचा, उंच ओट्याचा, आगीच्या विम्याचा आणि अग्निशमनाच्या पाण्याचा खर्च पहिल्या दिवशीच हिशेबात धरा. बॉयलर घेताना तो कमाल मागणीएवढा घेऊ नका. रोज नक्की लागणारी वाफ जेवढी, तेवढ्या क्षमतेचा घ्या आणि वरची गरज जुन्या तेल-गॅसच्या बॉयलरवर राहू द्या. पूर्ण क्षमतेने चालणारा लहान बॉयलर अर्ध्या क्षमतेने धापा टाकणाऱ्या मोठ्या बॉयलरपेक्षा इंधन कमी खातो आणि धूरही कमी करतो. भट्टी अशी निवडा की दोन प्रकारचे इंधन तिला चालेल. तूस आणि पेंढा यांना एकच समजू नका. पेंढ्यात पोटॅशियम आणि क्लोरिन जास्त, त्यामुळे राख वितळून नळ्यांवर चिकटते आणि काही आठवड्यांत बॉयलर बंद पाडते. पऱ्हाटी आणि तुराट्यांची राख त्या मानाने पुष्कळ कमी. तुसाची राख मात्र वजनाच्या 15 ते 20 टक्के, म्हणजे टनामागे 150 ते 200 किलो. ती रस्त्याकडेला ओतली की गावाशी भांडण ठरलेलेच. त्या राखेत सिलिका मोठ्या प्रमाणात असल्याने पोलाद आणि सिमेंट उद्योगाला ती उपयोगी पडते. बॉयलर येण्याआधी राखेचा खरेदीदार शोधून ठेवावा.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला धुराचा. बायोमास जाळला की काजळी होतेच, आणि हिवाळ्यातली कोलकात्याची हवा आधीच इतकी वाईट असते की तिच्यात भर घालणे कोणालाही परवडणारे नाही. हा आक्षेप पूर्णपणे खरा आहे, आणि म्हणूनच दाट वस्तीच्या शहरात लहान लहान भट्ट्या बायोमासवर आणण्याच्या मी विरोधात आहे. जानेवारी 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शहरातल्या लाकूड-कोळशाच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितले, ते योग्यच होते. बेकरीच्या भट्टीला फिल्टर बसवता येत नाही. तासाला दोन-चार टन वाफ देणाऱ्या बॉयलरला सायक्लोन आणि बॅग फिल्टर बसवता येतात, त्यांचे मोजमाप होते, प्रदूषण मंडळाची संमती लागते. फिल्टरचा खर्च धरून ज्या प्रकल्पाचा हिशेब बसत नाही, तो करूच नये. उलट, जो पेंढा शेतात उघड्यावर पेटवला जातो त्याचा धूर कोणत्याच फिल्टरमधून जात नाही. कापणी यंत्रे वाढल्यापासून बंगालच्या भातपट्ट्यातही हे पेटवणे वाढले आहे.

दुसरा आक्षेप मातीचा आणि गुरांचा, आणि तो मला धुराइतकाच गंभीर वाटतो. शेतातले सगळे उचलून नेले तर सेंद्रिय कर्ब कुठून येणार? पेंढा हा बंगालमध्ये गाईचा मुख्य चारा आहे, आपल्या पूर्व विदर्भातही तणशीवरच गुरे जगतात. म्हणून क्रम ठरवावा. आधी प्रक्रियेच्या ठिकाणी निघणारे अवशेष: तूस, बगॅस, शेंगांची टरफले, लाकडाचा भुसा. मग ज्यांचा चारा होत नाही आणि जे आजही पेटवलेच जातात ते: पऱ्हाटी, तुराट्या. पऱ्हाटी वेळेत शेतातून काढणे गुलाबी बोंडअळीला आळा घालायला तसेही आवश्यक असते. पेंढा आणि पाचट सर्वांत शेवटी, तेही अर्ध्याहून कमी. हेक्टरी सुमारे 10 टन पाचट निघते, आणि पुण्याच्या आरती संस्थेने त्याचा कोळसा करण्याची पद्धत बसवून 2002 मध्ये ॲशडेन पुरस्कार मिळवला, हा चांगला पर्याय आहे. पण ज्याला पाचट सरीत कुजवता येते त्याने ते आधी कुजवावे.

तिसरा आक्षेप धंद्याचा: आज फुकट मिळणारा कचरा उद्या महाग होईल. होतोच. तुसाला बाहेरचे गिऱ्हाईक मिळाले की गिरणीमालक भाव मागतो, आणि मागावाच. म्हणून फुकट मालावर हिशेब मांडू नका. आजच्या भावाच्या दीडपट धरूनही वाफ परवडते का, ते पाहा. गिरणीला किंवा शेतकरी कंपनीलाच वाफ विकणाऱ्या संस्थेत भागीदार करून घेतले तर भाव चढला तरी पैसा घरातच राहतो. प्रादेशिक अर्थव्यवस्थेसाठी हा मुद्दा कळीचा आहे. डिझेलवर खर्च झालेला रुपया जिल्ह्याबाहेर जातो. तुसावर, गठ्ठे बांधण्यावर, ट्रॅक्टरच्या भाड्यावर खर्च झालेला रुपया तालुक्याच्या बाजारात फिरतो.

द्रव इंधनांबद्दल थोडक्यात. 2003 मध्ये नियोजन आयोगाच्या समितीने मोगली एरंडापासून बायोडिझेलची मोठी योजना मांडली आणि पडीक जमिनीवर ती झाडे लावली गेली. पडीक जमिनीत पाण्याशिवाय बी येत नाही, हे नंतर कळले. धान्यापासूनच्या इथेनॉलचे भवितव्य धोरणावर टांगलेले असते: 2023 च्या जुलैमध्ये अन्न महामंडळाचा तांदूळ इथेनॉलसाठी देणे थांबले आणि डिसेंबरमध्ये उसाच्या रसावर निर्बंध आले, ते पुढे सैल झाले. ज्याच्याकडे मळी किंवा तुकडा तांदूळ आपल्याच कारखान्यात निघतो, त्याने यात जरूर उतरावे. कर्ज काढून बाहेरचा कच्चा माल विकत घेणाऱ्याने दहा वेळा विचार करावा. शहरांसाठी योग्य इंधन ओल्या कचऱ्यातून निघणारा बायोगॅस आहे. कोलकात्यात 2017 मध्ये बायोगॅसवर धावणारी, एक रुपया भाड्याची बस सुरू झाली तेव्हा तिचे मोठे कौतुक झाले. तिचा गॅस मात्र दूर बीरभूम जिल्ह्यातून आणला जायचा. शहराचा भाजीबाजार, मासळीबाजार आणि हॉटेले जो ओला कचरा रोज टाकतात, त्याचा गॅस त्याच शहरात जळला तर असे अंतर काटावे लागत नाही. पण त्यासाठी कचरा घरातच वेगळा व्हायला हवा.

गोंदिया आणि भंडाऱ्याची स्थिती बर्धमानशी विलक्षण जुळते: भाताचा पट्टा, उष्णा म्हणजे उकड्या तांदळाच्या मिल, आणि चंद्रपूर-उमरेडचा कोळसा हाकेच्या अंतरावर. तिथल्या मिलमालकांच्या संघटनांनी, दूधसंघांनी आणि शेतकरी कंपन्यांनी येत्या खरिपाच्या मळणीपासून एवढे करावे. कोणतेही यंत्र विकत न घेता, एक पूर्ण हंगाम नुसती नोंद ठेवावी: कोणाकडे रोज किती वाफ लागली, कोणते इंधन जळले, कोणत्या भावाने, किती तूस उरला आणि तो कुठे गेला. ती वही घेऊन बँकेत जावे. बॉयलरची क्षमता, फिल्टरचा खर्च आणि तुसाचा भाव, तिन्ही त्या वहीतून निघतील, आणि हिशेब बसत नसेल तर तेही कर्ज काढण्याआधीच कळेल.